क्रमवारी : जाब कोणी कोणाला विचारायचा?

या देशाला क्रमवारी नवी नाही. माणूस जन्माला येताच त्याला पायरी नेमून देणारी आणि तो मरेपर्यंत ती बदलू न देणारी एक यादी आपल्या समाजाने शतकानुशतके सांभाळली. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्या यादीचे निकष कोणी ठरवले, कोणाला विचारून ठरवले, आणि अन्याय झाला तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार खालच्या पायरीवरच्या माणसाला नव्हता. म्हणून कोणतीही नवी यादी पुढे आली की पहिला कोण आणि शेवटचा कोण हे पाहण्याआधी हे तीन प्रश्न विचारणे आपले कर्तव्य ठरते.

आज उच्च शिक्षणात याद्यांचा सुकाळ आहे. केंद्र सरकारची क्रमवारी आहे, नॅकची श्रेणी आहे, इंग्रजी साप्ताहिकांच्या आणि परदेशी संस्थांच्या याद्या आहेत. महाविद्यालयाच्या कमानीवर संस्थापकाच्या नावाहून श्रेणीचे अक्षर मोठे रंगवलेले दिसते. मी एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. ज्या वर्गाने शिक्षणाचे दार उशिरा पाहिले, त्या वर्गाच्या बाजूने या मोजमापाचा इतिहास तपासावा, असे मला वाटते. शिक्षणाचे मोजमाप झालेच पाहिजे. परंतु ते मोजमाप कोणाला जाब विचारते, यावर त्याची किंमत ठरते, हे मला येथे मांडायचे आहे.

सरकारी पैसा आणि शाळेची गुणवत्ता यांची गाठ मारण्याचा खटाटोप इंग्रजी राजवटीतच सुरू झाला. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने मुलांच्या परीक्षेतील निकालावर शाळेचे अनुदान ठरू लागले. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. दिसायला ही पद्धत न्यायाची. परंतु ज्या मुलाच्या घरात अक्षर आहे तो मुलगा परीक्षेत लवकर तरतो, आणि ज्याच्या घरात भाकरीचीच भ्रांत आहे तो मागे पडतो. निकालावर पैसा दिला की भरल्या घरच्या मुलाची शाळा आणखी भरते आणि रित्या घरच्या मुलाची शाळा आणखी रिती होते.

१८८२ साली हंटर आयोग आला तेव्हा महात्मा फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी कोणाच्या घामाने भरते आणि ती कोणाच्या मुलांवर रिकामी होते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. शेतकऱ्यांच्या करातून वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाचा खर्च चालतो, आणि ज्यांच्याकडून पैसा येतो त्यांची मुले प्राथमिक शाळेबाहेर राहतात, हे त्यांनी बजावले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शाळांची तुलना करीत बसलेल्या सरकारला जोतीरावांनी स्वतःचाच हिशेब द्यायला लावले. शिक्षणातील उत्तरदायित्वाची आपली परंपरा येथून सुरू होते.

ही परंपरा बाबासाहेबांनी आकड्यांत उतरवली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी वर्गवार आकडे मांडले. प्राथमिक शाळेत हजार लोकवस्तीमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गांची ३८ आणि मागासवर्गाची, ज्यात अस्पृश्य मोडत, १८. महाविद्यालयात दोन लाख लोकवस्तीमागे पुढारलेल्यांचे १,०००, मुसलमानांचे ५२, मधल्या वर्गांचे १४, आणि मागासवर्गाचा आकडा शून्याच्या घरात. पुढे २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी याच वर्गांचे क्रमांक समोरासमोर ठेवले. लोकसंख्येत चौथा असलेला पुढारलेला वर्ग शिक्षणाच्या तिन्ही पायऱ्यांवर पहिला होता; लोकसंख्येत दुसरा असलेला मागासवर्ग तिन्ही पायऱ्यांवर चौथा, म्हणजे शेवटचा होता.

ही सुद्धा क्रमवारीच आहे! परंतु तिचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे. या तक्त्यात जो शेवटचा आला त्याला बाबासाहेबांनी कमअस्सल ठरवले नाही. जो पैसा वाटतो त्याच्या वाटणीचा पुरावा म्हणून त्यांनी तो शेवटचा क्रमांक सरकारपुढे टाकला. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक मोजमाप दिले : प्राथमिक शाळेत नाव घालणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत केवळ १८ पोचतात. म्हणजे किती आले एवढ्यावर ते थांबले नाहीत. वाटेत किती गळाले हे त्यांनी मोजले, आणि त्या गळतीला सरकारला जबाबदार धरले.

बाबासाहेब पुढे स्वतः संस्थाचालक झाले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींमध्ये. वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या मुलालाही पदवी मिळाली पाहिजे, हा हेतू होता. जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवट संपून जेमतेम दोन वर्षे होत होती. मराठवाड्यातल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून मुले नागसेनवनात आली, वसतिगृहात राहिली, शिकली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर गरिबांच्या मुलांना पदवीपर्यंत नेले.

आजच्या निकषांनी या महाविद्यालयांना पहिल्या दहा वर्षांत काय गुण मिळाले असते? इमारत म्हणजे बराक. विद्यार्थ्यांचे प्रवेशाचे गुण बेताचे. पगाराच्या नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या दाराशी येण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु त्याच मिलिंदमध्ये प्रा. म. ना. वानखडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक होते, आणि त्याच परिसरातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. मराठी साहित्याची दिशा बदलणारे हे कार्य कोणत्या रकान्यात बसले असते? आज केंद्र सरकारच्या क्रमवारीत संशोधनाचे गुण देताना स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या परदेशी सूचींत नोंदलेले लेख मोजतात. वाचक आत्ता जो लेख वाचत आहेत त्याची किंमत त्या तराजूत शून्य आहे. मला त्याचे दुःख नाही. परंतु ज्या भाषेत आपला समाज विचार करतो त्या भाषेतील विचाराला शून्य किंमत देणारा तराजू सार्वत्रिक कसा म्हणावा?

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेतील निग्रो समाजाला, म्हणजे आजच्या शब्दांत कृष्णवर्णीयांना, तो आपल्याआधी आला. १९१७ साली तेथील सरकारच्या शिक्षण खात्याने फेल्प्स-स्टोक्स निधीच्या साहाय्याने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. पाहणी करणारे थॉमस जेसी जोन्स गोरे होते. गुलामगिरी संपून अर्धशतक झालेल्या समाजाने पै-पै जमवून उभारलेल्या संस्थांपैकी बोटांवर मोजण्याइतक्याच संस्था महाविद्यालय म्हणवण्यास पात्र आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अहवालाचा कल उच्च शिक्षणापेक्षा हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे होता. धनिकांचे दान कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये यासाठी तो अहवाल हाताशी धरला गेला. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांनी १९१८ साली ‘द क्रायसिस’ मासिकातून त्यावर कठोर टीका केली. संस्था दुबळ्या आहेत हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्या दुबळ्या का राहिल्या हे न सांगता त्यांना केवळ दुबळ्या ठरवणे, आणि त्यांचे भवितव्य गोऱ्या दात्यांच्या हाती सोपवणे, त्यांना मान्य नव्हते. याच द्यू बॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या प्रश्नांतील साम्याचा उल्लेख केला होता. मोजणारा हात कोणाचा, हा प्रश्न समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

आज आपल्याकडे जी क्रमवारीची लाट दिसते तिचा नमुनाही अमेरिकेतून आला. १९८३ साली ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकाने तेथील महाविद्यालयांच्या अध्यक्षांची मते विचारून पहिली यादी छापली. पुढे मतांच्या जोडीला आकडे आले. आकडे कोण देणार? ज्या संस्थेचा क्रमांक लागायचा तीच संस्था. याचा परिणाम कोलंबिया विद्यापीठात दिसला. १९१३ ते १९१६ या काळात जेथे बाबासाहेब शिकले तेच हे विद्यापीठ. ते या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने दिलेले आकडे तपासले. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के आहेत असा विद्यापीठाचा दावा होता. विद्यापीठाच्याच वेळापत्रकावरून थॅडियस यांना तो आकडा ६२.७ ते ६६.९ टक्क्यांच्या दरम्यान दिसला. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाने काही आकडे चुकीचे असल्याचे मान्य केले आणि ते अठराव्या क्रमांकावर घसरले. एका वर्षात विद्यापीठाची गुणवत्ता सोळा पायऱ्या खाली आली काय? ग्रंथालय तेच होते, अध्यापक तेच होते. बदलला तो फक्त कागद. आणि हा कागद तपासला तो यादी करणाऱ्या साप्ताहिकाने नव्हे, एका अध्यापकाने.

आता आपल्या देशाकडे वळू. नॅकची स्थापना १९९४ साली झाली. २०१८ च्या नियमांनी नॅकचे ३.५१ वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यापीठांना जादा स्वायत्तता देऊ केली. म्हणजे श्रेणी हे केवळ भूषण राहिले नाही, ती सत्तेची किल्ली झाली. किल्लीला भाव आला की चोरवाटाही येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये वरच्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या पाहणी समितीच्या सदस्यांना अटक केली.

सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वतःचा राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजे एन. आय. आर. एफ., जाहीर केला. पहिली यादी ४ एप्रिल २०१६ रोजी निघाली. अध्यापन व साधने, संशोधन, पदवीनंतरचे यश, समावेशकता आणि लौकिक अशी तिची पाच अंगे. शंभरातले दहा गुण समावेशकतेला आणि दहाच लौकिकाला. लौकिक म्हणजे अन्य प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना तुमच्या संस्थेविषयी काय वाटते ते. ज्या देशात माणसाचे आडनाव ऐकूनच त्याच्याविषयी मत बनते, त्या देशात लौकिकाला गुण देणे म्हणजे जुन्या प्रतिष्ठेला व्याज देणे होय.

समावेशकतेचे दहा गुण तरी कसे पडतात? त्यातला एक भाग परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा. दिल्लीहून पुण्याला आलेला मुलगा विविधता ठरतो. मेळघाटातल्या पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी शिकायला आलेली कोरकू मुलगी विविधता ठरत नाही. दोघांपैकी लांबचा प्रवास कोणाचा झाला?

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. या क्रमवारीसाठी भरायच्या तक्त्यात सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांचा एकच रकाना आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांची बेरीज करून एकच आकडा लिहायचा. वास्तविक सरकारचेच अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण हे आकडे वेगवेगळे मागते. जे वेगळे उपलब्ध आहे ते येथे एकत्र का करावे? बाबासाहेबांनी १९२७ साली जे वर्ग सुटे करून दाखवले, ते शंभर वर्षांनी पुन्हा एका गोणीत भरले गेले. त्या गोणीत मातंगाचा मुलगा किती आणि पारध्याची मुलगी किती, हे कोणालाच कळणार नाही. आमच्या महाविद्यालयात अशी माहिती भरण्याचे काम चालू असताना मी विचारले की प्रवेश घेऊन मध्येच सोडून गेलेली मुले कोणत्या समाजाची, हे कोठे लिहायचे? माहिती भरणारे सहकारी सरळ माणूस. ते म्हणाले, “सर, ते विचारतच नाहीत.” आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात निम्मा वर्ग रिकामा होतो. काही मुले परत येतात, काही येत नाहीत. विचारतच नाहीत म्हणून ती मुले कागदावर कधी नव्हतीच.

रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात प्राण दिला. देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केंद्राची पहिली यादी आली आणि तीत त्या विद्यापीठाचा क्रमांक विद्यापीठांमध्ये चौथा होता. यादी करणाऱ्यांनी खोटे गुण दिले असे मी म्हणत नाही. त्यांच्या निकषांप्रमाणे चौथा क्रमांक बरोबरच असेल. प्रश्न निकषांचाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेसंबंधी नियम केले, भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमण्यास सांगितले. त्या तक्रारी किती आल्या, त्यांचे काय झाले, याला शंभरात एकही गुण नव्हता.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय. आय. टी. आणि आय. आय. एम. या संस्थांतून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. त्यांपैकी आय. आय. टी. सोडणारे ३,५४२, आणि त्यांत अनुसूचित जातींचे १,०६८. विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत किंवा अभ्यासक्रमात जातात, असे सरकारचे म्हणणे होते. काही गेलेही असतील. मग किती गेले आणि किती घरी बसले, हे मोजावे. यादीच्या शिखरावर असलेल्या संस्थांची ही गळती आहे. शंभरातील अठरा मुले मोजणाऱ्या बाबासाहेबांना हा आकडा यादीबाहेर ठेवलेला चालला असता काय?

इतके बोलूनही मी यादी जाळा असे म्हणणार नाही. मोजमाप नको ही प्रस्थापितांची सोयीची भाषा आहे. मोजले नाही तर आरक्षित जागा रिकाम्या असल्याचे कळत नाही, शिष्यवृत्ती थकल्याचे कळत नाही. शिवाय या क्रमवारीने एक चांगली गोष्ट नकळत केली आहे : संस्थेने भरलेला तक्ता संकेतस्थळावर जाहीर ठेवावा लागतो. किती अध्यापक दाखवले, किती विद्यार्थ्यांना पूर्ण फी परत मिळाली, किती जणांना नोकऱ्या लागल्या, हे कोणत्याही विद्यार्थ्याला वाचता येते. पूर्वी हा कागद प्राचार्यांच्या कपाटात असे. परंतु वाचणारा नसेल तर उघडा कागदही बंदच. दिलेले आकडे तपासले जात नाहीत या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्या वर्षीची यादी जाहीर करण्यास अंतरिम स्थगिती दिली होती. पुढे ४ सप्टेंबर २०२५ रोजी यादी निघाली. २०१७ ते २०२३ महाविद्यालयांत पहिले मिरांडा हाउस होते, २०२४ आणि २०२५ ला हिंदू कॉलेज. दोन्ही दिल्लीची. २०२१ साली दिल्ली विद्यापीठात काही अभ्यासक्रमांची पहिली प्रवेशयादी शंभर टक्क्यांवर बंद झाली होती. शंभर टक्के घेऊन आलेल्या मुलाला महाविद्यालयाने कोठून कोठे नेले, आणि चाळीस टक्के घेऊन आलेल्या आमच्या मुलीला आम्ही कोठून कोठे नेले, हे अंतर मोजणारा तराजू अद्याप यायचा आहे.

तो यावा यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांचे आकडे सुटे करून, प्रवेशापासून पदवीपर्यंत, जाहीर झाले पाहिजेत. प्रवेशाच्या वेळची विद्यार्थ्याची स्थिती आणि पदवीनंतरची स्थिती यांतील अंतराला गुण मिळाले पाहिजेत. भरलेली आणि रिकामी ठेवलेली आरक्षित पदे, थकलेल्या शिष्यवृत्त्या, भेदभावाच्या तक्रारी आणि त्यांचा निकाल हे यादीतच असले पाहिजे. संस्थेने दिलेला आकडा विद्यार्थी आणि पालकांसमोर जाहीर वाचला गेला पाहिजे, आणि खोटा आकडा स्वीकारणाऱ्या मोजणाऱ्यालाही जबाबदार धरले पाहिजे.

या मागण्या दिल्लीने मान्य करेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्यापैकी शेकडो अध्यापक आज महाविद्यालयांत आहेत. प्रत्येकाने आपल्या संस्थेचा तक्ता काढावा, हजेरीपटाशी आणि पगारपत्रकाशी ताडून पाहावा, आणि गळालेल्या मुलांची सुटी नोंद स्वतः ठेवावी. ही नोंद दहा महाविद्यालयांतून जमली तरी विधिमंडळापुढे ठेवण्यासारखा एक तक्ता तयार होईल. १९२७ साली असा तक्ता एका माणसाने तयार केला होता. तेव्हा महाविद्यालयाच्या रकान्यात आपला आकडा शून्याच्या घरात होता. आज आकडे लिहिणारे हात आपलेही आहेत.